पुन्हा तोच आकडा नको

एक ते शंभरमधले कुठलेही दहा आकडे काढून दे, रँडम, फक्त एकही आकडा दोनदा यायला नको. प्रोग्रामिंग करणाऱ्या कुणाच्याही वाट्याला ही मागणी आज ना उद्या येतेच. कधी प्रश्नसंचातून दहा प्रश्न निवडायचे असतात, कधी हजार नावांतून पन्नास विजेते काढायचे असतात, तर कधी खेळाच्या पटावर सुरुंग पेरायचे असतात. मागणाऱ्याच्या लेखी हे पाच मिनिटांचं काम. करणाऱ्याच्या लेखीही तेवढंच. त्यामुळे त्या पाच मिनिटांत काय काय होऊन जातं, तिकडे फारसं कुणी बघत नाही.

या मागणीचे दोन भाग एकमेकांशी भांडणारे आहेत. रँडम आकडा म्हणजे मागचं काहीही न आठवणारा आकडा. फाशावर आत्ता सहा पडले म्हणून पुढच्या वेळी सहा पडण्याची शक्यता तसूभरही कमी होत नाही. मागचा डाव फाशाच्या गावीही नसतो. पण 'पुन्हा तोच नको' म्हणायचं, तर आधी काय काय येऊन गेलं ते कुणीतरी लक्षात ठेवायला हवं. म्हणजे एका दमात आपण सांगतो की सगळं विसर, आणि सगळं लक्षात ठेव. ही आठवण कोडमध्ये कुठेतरी ठेवावीच लागते. ती कुठे ठेवली यावर वेग ठरतो, मेमरी ठरते, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे निवड निःपक्षपाती राहिली की नाही तेही ठरतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली खरी मजा त्या 'कुठे'मध्ये आहे.

आठवण ठेवलीच नाही तर काय बिघडतं? शंभरातून दहाच तर काढायचेत, कशाला येतोय तोच आकडा परत, असं वाटतं. हिशोब करून बघा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा वेगळा असण्याची शक्यता ९९ टक्के, तिसरा त्या दोघांपेक्षा वेगळा असण्याची ९८ टक्के, असं करत दहाव्यापर्यंत गेलो आणि सगळ्यांचा गुणाकार केला की उत्तर येतं सुमारे ६३ टक्के. उरलेल्या ३७ टक्के वेळा निदान एक आकडा दोनदा आलेला असतो. दर तीन वेळांतून एकदा, किंवा थोडं जास्तच. एक ते हजारमधून आकडे काढत गेलात तर ३८व्या आकड्यापर्यंतच पुनरावृत्तीची शक्यता निम्म्यावर पोहोचते. २३ माणसं एका खोलीत जमली तर त्यातल्या कुणातरी दोघांचा वाढदिवस एकाच तारखेला असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त असते, हे प्रसिद्ध कोडं ते हेच. आपलं मन 'माझ्या वाढदिवसाला कोण' असं मोजतं, आणि गणित मोजतं 'कुणाच्याही वाढदिवसाला कुणीही'. जोड्या भराभर वाढतात. म्हणून आकडे परत येऊ लागले की 'रँडम बिघडलंय' अशी तक्रार येते. ते बिघडलेलं नसतं. परत येणं हेच तब्येत ठणठणीत असल्याचं लक्षण असतं.

सगळ्यांना सुचणारा पहिला उपाय म्हणजे आलेले आकडे एका संचात टाकत जायचं, नवा आकडा त्या संचात आधीच असेल तर तो फेकायचा आणि पुन्हा काढायचा. तरी परत तोच आला? मग ये रे माझ्या मागल्या. या उपायाला नाकं मुरडण्याची एक पद्धत आहे, ती मला पटत नाही. शंभरातून दहा हवे असतील तर सरासरी साडेदहा वेळा आकडा काढावा लागतो, म्हणजे जादा मेहनत अर्ध्या खेपेची. कोटीतून दहा हवे असतील तर ती जवळपास शून्यच. मोठ्या पल्ल्यातून थोडेच आकडे हवे असतील तेव्हा यापेक्षा साधं आणि निर्दोष काही नाही. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेतलं तयार 'सॅम्पल' फंक्शनसुद्धा अशा वेळी आतून हेच करतं.

प्रमाण बदललं की चित्र पालटतं. शंभरातून ५० हवे असतील तर सरासरी ६९ खेपा. ९० हवे असतील तर २२६. आणि शंभरच्या शंभर हवे असतील तर ५१९. बारकाईने पाहिलं तर पहिल्या नव्वदांना २२६ खेपा लागल्या आणि शेवटच्या दहांना २९३. त्यातही शेवटचा एकटा आकडा सरासरी शंभर खेपा खातो, कारण शंभरातला तोच एक उरलेला असतो आणि आपण डोळे मिटून तो एकच हाती लागायची वाट बघत बसतो. हे सरासरीचं झालं. नशीब फिरलं तर तीनशेही लागतील. काम किती वेळात होईल याची वरची मर्यादाच सांगता येत नाही, हा या पद्धतीचा खरा दोष.

आणि समजा कुणी शंभरातून एकशे एक मागितले तर? प्रोग्रॅम काही बोलत नाही. एरर नाही, संदेश नाही. तो इमानेइतबारे एकशे एकावा आकडा शोधत राहतो, कॉम्प्युटरचा पंखा घरघरायला लागतो, आणि वापरणारा स्क्रीनकडे बघत बसतो. जावा या दुसऱ्या भाषेत रँडम आकड्यांच्या प्रवाहातून वेगवेगळे तेवढे गाळून घ्यायची एका ओळीची छान सोय आहे. तिथेही पल्ल्यापेक्षा जास्त आकडे मागितले की हेच होतं. मागितलेली संख्या पल्ल्यात मावते का, ही तपासणी सगळ्यात आधी हवी. ती एका ओळीची असते आणि अनेकदा नसते.

या वाट बघण्याला कंटाळून एक चलाख दुरुस्ती जन्माला येते. आकडा आधीच येऊन गेलाय? मग पुन्हा कशाला काढायचा, त्याच्या पुढचा घ्या. शेवटाला पोहोचलात तर वळून एकपासून सुरू करा. पुन्हा पुन्हा काढण्याचं चक्र (लूप) हमखास थांबतं, आकडे वेगळे मिळतात, सगळे खूश. दुसऱ्यांचा कोड वाचताना ही दुरुस्ती मला पुन्हा पुन्हा भेटत आली आहे, आणि दर वेळी ती लिहिणारा हुशार माणूस निघतो. म्हणून ती जरा जवळून बघू.

एक ते चार एवढाच पल्ला घ्या आणि त्यातून दोन आकडे काढा. जोड्या सहा होतात: १-२, २-३, ३-४, ४-१, १-३, २-४. सगळ्यांना सारखीच संधी हवी. आता दोन वेळा आकडा काढला की एकूण १६ शक्यता. १-२ ही जोडी कशी बनेल? आधी १ मग २. आधी २ मग १. आणि १ नंतर पुन्हा १ आला तर दुरुस्तीमुळे दुसरा २ होईल, म्हणून तोही मार्ग. एकूण तीन. २-३, ३-४ आणि ४-१ यांचंही तसंच. पण १-३ ही जोडी? आधी १ मग ३, किंवा आधी ३ मग १. संपले मार्ग. म्हणजे शेजारी-शेजारी असलेल्या जोड्यांना सोळापैकी तीन संधी आणि समोरासमोरच्या जोड्यांना दोनच. शेजाऱ्यांना दीडपट झुकतं माप.

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक आकडा एकेकटा किती वेळा निवडला जातो ते मोजा. १ हा आकडा १-२ मध्ये तीनदा, ४-१ मध्ये तीनदा, १-३ मध्ये दोनदा: सोळापैकी आठ. २ चं तेच, ३ चं तेच, ४ चंही तेच. कुणी लाखभर वेळा प्रोग्रॅम चालवून कुठला आकडा किती वेळा आला याचा आलेख काढला, तर तो सपाट येणार. सगळ्या चाचण्या हिरव्या. पक्षपात एकेकट्या आकड्यात नाहीच, तो कोण कुणाबरोबर येतं यात दडलेला आहे. मी तर म्हणेन की अनेक आकडे एकत्र निवडण्यात 'न्याय' कशाला म्हणायचं ते या छोट्या उदाहरणात पुरतं कळतं: प्रत्येक आकड्याला समान संधी एवढं पुरत नाही, प्रत्येक गटाला समान संधी हवी. सलग रोल नंबरचे दोघे विद्यार्थी एकत्र निवडले जाण्याची शक्यता जास्त असलेली पद्धत कुणी न्याय्य म्हणणार नाही. पण आलेख तिला न्याय्य म्हणतो.

दुसरा रस्ता पत्ते पिसण्याचा. एक ते शंभर ओळीने लिहायचे, नीट पिसायचे, वरचे दहा घ्यायचे. पुनरावृत्तीचा प्रश्नच मुळातून गायब, कारण कॅटमध्ये प्रत्येक पत्ता एकच असतो. आठवण आता वेगळ्या संचात ठेवलेली नाही. ती मांडणीतच मुरली. काय येऊन गेलं आणि काय उरलं हे जागेवरूनच कळतं.

रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स या संख्याशास्त्रज्ञांनी १९३८ साली आपल्या तक्त्यांच्या पुस्तकात ही पिसण्याची रीत दिली, तीही कागद-पेन्सिलने करायची. आकडे ओळीने लिहा, उरलेल्यांपैकी कितवा ते रँडम तक्त्यातून ठरवा, मोजत तिथे जा, त्यावर काट मारा, तो बाजूला लिहा. कॉम्प्युटरवर ही काट मारून मोजत जाण्याची पद्धत फार हळू चालते. रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ मध्ये ती अदलाबदलीत बसवली: उरलेल्यांतला एक निवडा आणि उरलेल्यांतल्या शेवटच्याशी त्याची जागा बदला. निवडलेले एका टोकाला साचत जातात, उरलेले दुसऱ्या टोकाला. संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनुथ यांच्या ग्रंथामुळे ही रीत सगळीकडे पोहोचली. दहाच आकडे हवेत तर सगळे शंभर पिसायचीही गरज नाही. दहा अदलाबदली करा आणि थांबा. बरोबर दहा खेपा, एक कमी नाही, एक जास्त नाही.

इतकी सुटसुटीत गोष्ट, पण ती बिघडवायला एक छोटासा बदल पुरतो. 'उरलेल्यांतला एक' निवडण्याऐवजी दर वेळी 'सगळ्यांतला एक' निवडला की झालं. दिसायला हे जास्त पिसल्यासारखं वाटतं, म्हणून जास्त चांगलंही वाटतं. तीन पत्त्यांवर करून बघा: दर पायरीला तीन पर्याय, तीन पायऱ्या, एकूण २७ वाटा. तीन पत्त्यांचे क्रम मात्र सहा. २७ ला ६ ने भाग जात नाही, म्हणजे सहाही क्रमांना सारख्या वाटा मिळणं शक्यच नाही. प्रत्यक्षात तीन क्रमांना पाच-पाच आणि तीन क्रमांना चार-चार वाटा मिळतात. यावर वाद घालायला जागाच उरत नाही, म्हणून हा पुरावा मला फार आवडतो. संगणक नको, आलेख नको, नुसता भागाकार.

चुकीच्या रीतींचा तिसरा प्रकार त्याहून लाडका: सॉर्टिंगच्या, म्हणजे आकडे क्रमाने लावणाऱ्या, फंक्शनला सांगायचं की दोन आकड्यांत लहान कोण ते नाणं उडवून ठरव. एका ओळीत काम होतं म्हणून लोक खूश असतात. पण सॉर्टिंगचा सगळा डोलारा 'अ हा ब पेक्षा लहान, ब हा क पेक्षा लहान, म्हणजे अ हा क पेक्षा लहान' या भरवशावर उभा असतो. तोच काढून घेतला तर ते काय करेल याची हमी कोण देणार? २०१० मध्ये मायक्रोसॉफ्टला युरोपातल्या विंडोज वापरणाऱ्यांना ब्राउझर निवडायचा पडदा दाखवावा लागला. पाच प्रमुख ब्राउझर रँडम क्रमाने दिसायला हवे होते, आणि क्रम लावायला हीच एका ओळीची युक्ती वापरलेली होती. पडदा मायक्रोसॉफ्टच्याच इंटरनेट एक्सप्लोररमध्ये उघडला की इंटरनेट एक्सप्लोरर स्वतःच जवळपास निम्म्या वेळा शेवटच्या जागी जात होता. जायला हवा होता पाचातून एकदा. कट असता तर स्वतःच्याच विरोधात कुणी केला असता? नंतर ते दुरुस्त झालं. खरं तर सॉर्ट वापरूनही न्याय्य पिसता येतं: प्रत्येक आकड्याला आधी एक रँडम किल्ली द्यायची, मग किल्ल्यांनुसार लावायचं. किल्ल्या जागच्या जागी ठाम असतात, तुलनेच्या वेळी मत बदलत नाहीत, एवढाच काय तो फरक.

हाताने पिसण्याचंही काही खरं नसतं. १ डिसेंबर १९६९ रोजी अमेरिकेत सैन्यभरतीसाठी जन्मतारखांची सोडत झाली. ३६६ कुप्या, प्रत्येकीत एक तारीख. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या गेल्या आणि पुरेशा ढवळल्या गेल्या नाहीत. वर्षाअखेरच्या महिन्यांतल्या तारखा जास्त करून आधी बाहेर पडल्या. पुनरावृत्ती एकही झाली नाही, सगळ्या ३६६ तारखा वेगळ्या. 'वेगळे' ही अट शंभर टक्के पाळली गेली आणि 'रँडम'ची अट मोडली. यात माणसांची आयुष्यं होती, म्हणून संख्याशास्त्रज्ञांनी त्याची चिरफाड केली. आपल्या कोडमधल्या सोडतींची तेवढी चौकशी कोण करतंय!

पिसण्यात एक अडचण मात्र खरी आहे. एक ते एक कोटीतून दहा आकडे हवेत, तर कोटीचा कॅट मांडून बसायचं? चार बाइटचा एक आकडा धरला तरी सुमारे चाळीस एमबी, तेही दहा आकड्यांसाठी. इथे संगणकशास्त्रज्ञ रॉबर्ट फ्लॉइड यांची रीत कामाला येते. जॉन बेंटली यांनी १९८७ मध्ये आपल्या प्रोग्रामिंगवरच्या सदरातून ती लोकांपुढे आणली. माझ्या मते या विषयातली सगळ्यात देखणी गोष्ट हीच.

एक ते दहामधून चार आकडे घेऊ. फ्लॉइड पहिला आकडा एक ते सातमधून काढतात, दुसरा एक ते आठमधून, तिसरा एक ते नऊमधून, चौथा एक ते दहामधून. पल्ला दर खेपेला एकाने वाढतो. समजा पहिल्यांदा ३ आला, घेतला. दुसऱ्या खेपेला पुन्हा ३ आला. आता तो फेकून पुन्हा काढायचा नाही. त्या खेपेचा पल्ला जिथे संपतो तो आकडा, म्हणजे ८, घ्यायचा. तिसऱ्या खेपेला आला ८. तो आपल्याकडे आहे, म्हणून ९ घ्यायचा. चौथ्या खेपेला ५, घेतला. हाती आले ३, ८, ९, ५. चार आकडे, चार खेपा, मेमरी चारच जागांची.

वाचताना थबकायला होतं. आकडा परत आला तर ठरलेला दुसराच घ्यायचा, ही तर मघाची चलाख दुरुस्तीच झाली की! तिला आपण आत्ताच नापास केलं. मग ही कशी पास? शेवटची खेप बघा. १० हा आकडा निवडीत कधी येतो? थेट १० निघाला तर, ती शक्यता दहात एक. किंवा आधीच घेतलेल्या तीनपैकी एक निघाला तर, ती दहात तीन. एकूण दहात चार. दहातून चार निवडताना कुठल्याही आकड्याला मिळायला हवी तेवढीच. हाच विचार मागच्या खेपांना लावत गेलं की प्रत्येक गटाची संधी समान असल्याचं सिद्ध होतं. ८, ९ आणि १० हे आकडे आधीच्या खेपांत निघणंच शक्य नव्हतं. पुनरावृत्तीतून मिळणारी जादा संधी नेमकी त्यांची ती तूट भरून काढते. मघाच्या दुरुस्तीत शेजाऱ्याची अशी कुठलीच तूट नव्हती, तरी त्याला जादा वाटा मिळत होता. दोन्ही कोड शेजारी ठेवले तर फरक जेमतेम एक-दोन ओळींचा दिसेल. एक बरोबर आणि एक चूक, आणि चालवून बघून सहजी कळणार नाही असं.

फ्लॉइडच्या रीतीला एक पथ्य आहे. गट न्याय्य असतो, क्रम नाही. आपल्या उदाहरणात १० आला तर शेवटच्याच जागी येणार. नुसते चार विजेते हवे असतील तर काही बिघडत नाही. पहिला, दुसरा, तिसरा असं लावायचं असेल तर हाती आलेले चार पुन्हा पिसून घ्या. (एकूण किती आहेत हेच माहीत नसेल, नावं एकामागून एक येतच असतील, तर रिझर्व्हॉयर सॅम्पलिंग नावाची वेगळी रीत आहे: जागा ठराविक, आणि प्रत्येक नवागताला ठरलेल्या शक्यतेने आत घेऊन आतल्या एकाला बाहेर काढायचं.)

आता एक जरा विचित्र प्रश्न. आठवण अजिबात न ठेवता वेगळे आकडे मिळू शकतील? मिळतात. आठवण सूत्रात ठेवायची. शून्यापासून सुरू करा; दर वेळी आकड्याला ५ ने गुणा, ३ मिळवा, १६ ने भागून बाकी घ्या. ०, ३, २, १३, ४, ७, ६, १, ८, ११, १०, ५, १२, १५, १४, ९, आणि मग पुन्हा ०. सोळाच्या सोळा आकडे, प्रत्येक एकदाच. लक्षात ठेवायचा फक्त शेवटचा आकडा. गुणक आणि बेरजेचा आकडा कसे निवडले की चक्र पूर्ण होतं, याच्या अटी हल आणि डोबेल यांनी १९६२ मध्ये सिद्ध केल्या. पण ती यादी परत वाचा: सम, विषम, सम, विषम, शेवटपर्यंत. पुनरावृत्ती टाळण्याच्या बदल्यात रँडमपणा जवळजवळ सगळा गहाण पडला. सवलतीचे कोड असल्या सूत्राने वाटले, तर दोन-चार कोड हाती लागलेला माणूस पुढचे स्वतःच छापील.

त्यावर उतारा कूटलेखनाचा. एक, दोन, तीन असे साधे क्रमांक घ्यायचे आणि गुप्त किल्लीने ते कूटबद्ध करायचे. कूटबद्ध केलेलं उलगडता यायलाच हवं, म्हणून दोन वेगळ्या क्रमांकांचं उत्तर एकच येऊ शकत नाही. वेगळेपणाची हमी फुकटात मिळते, बाहेरच्याला क्रम ओळखता येत नाही, आणि आठवण म्हणून फक्त 'आत्तापर्यंत किती वाटले' एवढा एक आकडा पुरतो. लाखो कोड वाटायचे असतील तर मी डोळे झाकून हा रस्ता धरेन.

या सगळ्या रीती गृहीत धरतात की मुळात हाती येणारा एकेक आकडा तरी खरोखर समान संधीचा आहे. तेही तपासून घ्यावं. एका बाइटमध्ये ० ते २५५ असे २५६ आकडे मावतात. त्याला १०० ने भागून बाकी घेतली तर ० ते ५५ या आकड्यांना तीन-तीन मार्ग आणि ५६ ते ९९ यांना दोन-दोन. पुन्हा दीडपट. २०० आणि त्यापुढचं आलं तर फेकून पुन्हा काढणं हा त्याचा साधा इलाज.

आणि बीज, म्हणजे ज्या सुरुवातीच्या आकड्यावरून प्रोग्रॅम पुढचे सगळे रँडम आकडे तयार करतो तो. बावन्न पत्त्यांचे एकूण क्रम लिहायला ६८ अंकी संख्या लागते. पिसणाऱ्या प्रोग्रॅमला ३२ बिटांचं बीज दिलं तर तो जास्तीत जास्त ४,२९,४९,६७,२९६ वेगवेगळे क्रम देऊ शकतो. बाकीचे क्रम त्याच्या स्वप्नातही येणार नाहीत. १९९९ मध्ये ऑनलाइन पोकरच्या एका सॉफ्टवेअरने आपण पत्ते किती सचोटीने पिसतो हे दाखवायला पिसण्याची रीत जाहीर केली. तिचं बीज होतं मध्यरात्रीपासूनचे मिलिसेकंद, म्हणजे दिवसाला ८,६४,००,००० पर्याय. काही प्रोग्रामरांनी सर्व्हरच्या घड्याळाशी आपलं घड्याळ जुळवून ते सुमारे दोन लाखांवर आणले, आणि समोर दिसणाऱ्या मोजक्या पत्त्यांवरून बाकी सगळ्यांचे पत्ते ओळखून दाखवले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. पायथनच्या कागदपत्रांत तर सरळ लिहिलेलं आहे की २०८० पेक्षा जास्त घटकांची यादी पिसली तर सगळे क्रम त्यांच्या जनरेटरच्या, म्हणजे रँडम आकडे तयार करणाऱ्या यंत्रणेच्या, चक्रात मावतच नाहीत. खेळासाठी हे चालून जातं. पैसा किंवा पासवर्ड मध्ये आला की ऑपरेटिंग सिस्टिमच्या सुरक्षित जनरेटरकडेच जावं.

रोजच्या कामात यातलं बहुतेक काही हाताने लिहायची गरज नसते. काखेत कळसा असताना गावाला वळसा कशाला? पायथनचं 'सॅम्पल' पल्ला आणि मागणी यांचं प्रमाण बघून पिसायचं की संच ठेवायचा ते स्वतःच ठरवतं, जास्त मागितलं तर सरळ एरर देतं. सी प्लस प्लसमध्ये २०१७ पासून असंच तयार फंक्शन आहे. तयार फंक्शन एका प्रश्नाचं उत्तर मात्र देत नाही: वेगळे म्हणजे कुठवर वेगळे? या एका यादीपुरते? सर्व्हर पुन्हा सुरू झाल्यावरही? दोन सर्व्हर एकाच वेळी आकडे वाटत असतील तर दोघांत मिळून? कालच्या सोडतीत आलेले आज चालतील का? मागणी घेऊन येणाऱ्याला मी हे विचारतो तेव्हा तो बहुतेक वेळा जरा चिडतो, कारण त्याच्या लेखी हे पाच मिनिटांचं काम असतं.

बल्गेरियातल्या सरकारी लॉटरीत ४२ आकड्यांमधून सहा काढतात; एकूण ५२,४५,७८६ गट होतात. ६ सप्टेंबर २००९ च्या सोडतीत ४, १५, २३, २४, ३५, ४२ हे आकडे निघाले. चारच दिवसांनी, १० सप्टेंबरच्या सोडतीत, तेच सहा आकडे वेगळ्या क्रमाने पुन्हा आले. मंत्र्यांनी चौकशी लावली. गैरप्रकार सापडला नाही. प्रत्येक सोडतीत सहा आकडे वेगळे असावेत अशीच अट होती, ती दोन्ही वेळा पाळली गेली होती, आणि मागची सोडत लक्षात ठेवायला यंत्राला कुणी सांगितलेलं नव्हतं. पहिल्या सोडतीत हे सहा आकडे कुणीच लावले नव्हते. दुसऱ्या सोडतीत ते लावणारे १८ जण निघाले, आणि बक्षिसाची रक्कम त्या अठरांत वाटली गेली.